मालनबाईचं येसर

गया, तुझा डबा अजून फळीवर आहे. त्यात चार बोटं येसराचं पीठ उरलंय. तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी त्या डब्याला अजून चमचा लावलेला नाही. गिऱ्हाइकं येतात, बसायच्या आधीच येसर आमटी सांगतात. मी म्हणते, आज केली नाही. मग पिठलं वाढते. बिचारी निमूट खातात आणि हात धुऊन जाताना एकदा वर पाटीकडं बघतात. पाटीवर रंगवून घेतलंय, ‘मालनबाईचं येसर’. काल एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "बाई, हाताला काय झालं तुमच्या?" मी म्हणाले, दुखतोय.

हे बघ, अजूनही खोटंच बोलतेय मी.

तुझी आठवण काढायला बसले की सगळ्यात आधी तो दगड आठवतो. बहात्तरच्या दुष्काळात तामलवाडीच्या रस्त्यावर खडी फोडायला आलेल्या बायांत मी एक. सासरी पाटीलकीचा तोरा, पण रानात कुसळ उगवलं नव्हतं आणि विहिरीच्या तळाला चिखलसुद्धा उरला नव्हता. मी तोंडाला पदर बांधून बसायचे, म्हणजे ओळखीचं कुणी रस्त्यानं गेलं तरी कळू नये. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्यानं पाटीभर खडी झाली नाही आणि बोटं मात्र तीन फुटली. शेजारी तू. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि मग हसलीस.

"बाई, दगडाला मारताय का दगड तुमास्नी मारतोय?"

मला राग आला. आपल्याच गावची, खालच्या अंगाच्या वस्तीतली, तुमचं पाणी वेगळं, आमचं वेगळं, आणि ही मला हसते. पण तू माझ्यापुढचा दगड उचललास, हातात फिरवलास आणि त्यावरची एक बारीक रेघ दाखवलीस. "ही शीर बगा. हितं मारा. उगं ताकद लावू नका." मी मारलं आणि दगड दोन झाला. इतकी खूश झाले मी, की पदर तोंडावरून सुटलेला कळलाही नाही.

दुपारी सगळ्याजणी भाकरी सोडायच्या. भाकरी कसली, रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, चामड्यासारखी. ती नुसती घशाखाली जायची नाही. तू तीन दगड मांडून डबड्यात पाणी उकळायचीस आणि पदराच्या गाठीतून चिमूट चिमूट पीठ काढून त्यात सोडायचीस. वास यायचा आणि माझा हात भाकरीवरच थांबायचा. आमच्याकडं येसर लग्नात व्हायचं. गहू, ज्वारी, डाळ भाजायची, धने-जिरे, लवंगा, दगडफूल भाजायचं, सगळं कांडायचं आणि त्या पिठाची आमटी पंगतीला. दुष्काळात कुणाकडं डाळ होती? तू हुलगे, म्हणजे कुळीथ, भाजून घातले होतेस आणि मिलोच. लग्नातल्या येसराला तो वास कधीच नव्हता. मी तिसऱ्या दिवशी म्हणाले, मला दे थोडी.

तू इकडंतिकडं बघितलंस. "घरी कळलं तर?"

"कोण सांगतंय?"

मग मी खडीच्या ढिगाआड जाऊन तुझी आमटी प्याले. तुझ्याच वाटीत. आज वाटतं, तिथंच सगळं ठरून गेलं होतं. तुझ्या हातचं मी पहिल्यापासून लपून खात आले.

दुष्काळ सरला तरी आपलं बोलणं सुटलं नाही. गावात तू मला बाई म्हणायचीस, रानात मालन. मला दोन्ही हाका कानाआड करता येत नसत. माझे मालक गेले, दिरांशी पटेना, मी तुळजापुरात खोली घेतली. तूही लेकाच्या शिक्षणासाठी तिथंच आलीस. ते दिवस संस्थांचे होते. दुधाची संस्था, सुताची संस्था, कुठं कारखान्याची जमीन बघायला माणसं चाललेली. जो उठेल तो चेअरमन व्हायला निघालेला. खानावळीची कल्पना तुझी, हे मी इथं लिहून ठेवते, कारण नऊ वर्षं लोकांना मी माझी म्हणून सांगितली.

स्टँडवर आपण एसटीची वाट बघत होतो. सोलापूरची गाडी आली, शंभरेक माणसं उतरली. तू म्हणालीस, "मालन, ही समदी देवीला येत्यात आन शेवचिवडा खाऊन जात्यात. आपल्या हिकडचं खाणं त्यास्नी ठावंच न्हाय. शेंगोळे म्हाईत न्हायत, येसर म्हाईत न्हाय. लई भारी चालंल बग." मी म्हटलं, हे गरिबाचं खाणं, याला कोण विचारतंय? तू म्हणालीस, "गरिबाचं म्हणूनच चवीचं केलंय. श्रीमंताला चवीची काय पडली, त्याच्याकडं तूप हाय."

संस्था नोंदवली. कागदावर अकरा बायका, चुलीपुढं दोघी. स्टँडजवळ एका सहकारी संघाचा गाळा रिकामा होता. तो महिलांना द्यायचा की नाही हे ठरवायला त्यांचे चेअरमन स्वतः जेवायला येणार होते, बरोबर दोन संचालक आणि चेअरमनच्या आई. आधी चव बघू, मग ठराव करू, असा त्यांचा निरोप.

त्या दिवशी तू पहाटेपासून उभी होतीस. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळलेस, लसणाच्या फोडणीत उकळलेस. अंबाडीची भाजी, ठेचा, चुलीवरच्या भाकरी आणि येसर आमटी. मी काय केलं? ताटं मांडली. लिंबू चिरलं. नऊवारी नेसून दारात उभी राहिले.

म्हातारीनं आधी आमटीची वाटी तोंडाला लावली. भाकरी मोडलीसुद्धा नाही. निम्मी वाटी संपवून तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "कुणाच्या हातची गं ही?"

तू माझ्या मागं तांब्या घेऊन उभी होतीस. पाणी वाढायला आलेली. मला तुझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. म्हातारीच्या गळ्यात माळ, कपाळाला आडवं कुंकू, तिच्या घरचे सोवळ्याचे किस्से मी ऐकलेले. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं येऊन गेलं. हिनं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग वस्ती. ही ताटावरून उठली तर गाळा गेला. हे सगळं मी मनातच विचारलं आणि मनातच उत्तर दिलं. म्हातारीनं तेवढं काही विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "माझ्या."

बांगड्या थांबल्या. मग तू पुढं आलीस आणि सगळ्यांच्या फुलपात्रांत पाणी ओतलंस.

भांडी घासताना तू एवढंच विचारलंस, "गाळा मिळाला?" मी म्हटलं, मिळाला. "मग झालं तर." तू आणखी काही बोलली असतीस तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. तू बोलली नाहीस म्हणून मीही गप्प बसले आणि ते मला सोयीचं होतं. थोडे दिवस जाऊ देत, जम बसू दे, मग सांगू, असं मी तुला चार दिवसांनी म्हणाले. तू म्हणालीस, "बरं."

ते थोडे दिवस कधी सरलेच नाहीत, गया.

एकदा बोललेलं खोटं सांभाळायला किती खटपट लागते! येसर भाजायचं तर वास स्टँडपर्यंत जायचा, माणसं शिंकत शिंकत आत डोकावायची. म्हणून मी मागच्या खोलीला दार बसवून घेतलं. तू दार लावून आत भाजायचीस, कांडायचीस, त्या धुरात खोकायचीस. मी गल्ल्यापाशी. कुणी कौतुक करायला भेटायचं म्हणालं की मी आत जायचे, पदराला थोडं पीठ लावायचे आणि बाहेर यायचे. आठवलं की आजही कान तापतात. तू ते बघायचीस आणि एकदा तर स्वतःच्याच हातानं माझ्या गालाला पीठ लावून म्हणालीस, "हितं बी असू दे थोडं. खरं वाटतं." आपण दोघी हसलो होतो. मी हसले होते हे नक्की. तू हसलीस का, ते आता नीट आठवत नाही.

पहिलं खोटं मी भीतीपोटी बोलले, असं स्वतःला समजावता येतं. दुसऱ्याचं काय सांगू? तो पुण्याचा वर्तमानपत्रवाला आला होता. दर्शनाला आलेला, सहज जेवायला बसला आणि तीन वाट्या आमटी प्याला. म्हणाला, कोल्हापुरी ठाऊक आहे, वऱ्हाडी ठाऊक आहे, हे मराठवाड्याचं खाणं आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शेंगोळे त्यानं आधी बोटानं ढोसून बघितले. मग विचारत बसला, हे काय, ते काय, येसर कसं करतात. तोवर गाळा आपला होता, संस्था उभी होती, लोक आपल्या पाया पडायचे बाकी होते. त्या दिवशी कोण उठून जाणार होतं? एक हाक मारायची होती फक्त, "गया, बाहेर ये." माझ्या तोंडाला आली होती. तेवढ्यात तो म्हणाला, "मावशी, तुमचा फोटो घेऊ या चुलीपाशी." आणि मी केस सारखे केले.

फोटो छापून आला. मी कात्रण फ्रेम करून भिंतीला लावलं. तू ते बराच वेळ बघितलंस.

"फोटू चांगला आलाय. पर पळी भाताची हाय."

"काय?"

"आमटीत भाताची पळी घातलीस, मालन."

मी भडकले. तुला माहीत आहे माझं, चूक माझी असली की आवाज मोठा होतो. "तुला काय बोलायचंय ते सरळ बोल," मी म्हणाले.

"सरळच बोलतेय. पळी भाताची हाय."

चार दिवस आपण कामापुरतं बोललो. पाचव्या दिवशी पौर्णिमेची गर्दी आली, भांडण तसंच राहिलं. ते अजूनही तसंच आहे. भांडायला आता कुणी नाही.

आणि आता जे लिहिते आहे ते तुला कधीच सांगितलं नाही. तुला काय, कुणालाच नाही.

गाळा मिळाल्यावर वर्षभरानं ती चेअरमनची आई एकटी आली होती. तू त्या दिवशी लेकाच्या शाळेत गेलेली. ती बाकावर बसली, पाणी प्याली आणि विचारलं, "ती उंच बाई कुठाय? तांब्या घेऊन हुबी हुती ती." मी म्हटलं, बाहेर गेलीय. तिनं माझा हात हातात घेतला, तळवा उलटासुलटा केला. "येसर तिचंच की गं. तुज्या हाताला भाजल्याचा एक डाग न्हाय."

मी हात ओढून घेतला.

"म्या त्याच दिशी वळकलं. येसराचा वास माणसाच्या अंगाला बसतो, तिच्या अंगाला हुता. कुठली हाय?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, वस्ती सांगितली. म्हातारीनं बाकावरच मांडी घातली. मग म्हणाली, "आमटी दे थोडी. भाकरी चुरून खाते."

ती जेवली, गया. सगळं कळून जेवली. दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा हे तुला सांगायला मला धावत यायला हवं होतं. नाही आले. कारण तुला सांगितलं असतं तर दार बंद ठेवायला मला काही कारणच उरलं नसतं. ज्या भीतीच्या नावावर मी सगळं चालवलं होतं ती भीती खोटी निघाली आणि ते मी तुझ्यापासून लपवलं. एव्हाना मला "मालनबाईचं येसर" ऐकायची सवय लागली होती. गोड लागत होतं. आठ वर्षं तू त्या धुरात माझी इज्जत सांभाळतेय असं समजून बसलीस आणि मी तुला तसं समजू दिलं.

तू गेल्यावर घरी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. एवढ्या वर्षांत तुझ्या घरात माझं ते पहिलंच पाऊल. तू माझ्याकडं हजार वेळा जेवलीस, मी तुझ्या दारातून परत फिरायचे, घाई आहे म्हणून. बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती, शेजारी तुझा फोटो. लग्नातला असावा, तू घाबरल्यासारखी दिसतेस. एकेक माणूस उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलत होता. मग कुणीतरी म्हणालं, "मालनबाईंनी बोलावं, त्या लई जवळच्या."

मी उठले. मनाशी म्हटलं, आता. इथं सांगून टाकायचं, या सगळ्यांसमोर, हिचं होतं ते हिला देऊन टाकायचं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? गया फार कष्टाळू होती. गया प्रामाणिक होती. माझ्या खानावळीत तिनं खूप मदत केली.

मदत! बसले खाली. लोकांनी मान डोलावली.

नंतर ताटं वाढली. तुझ्या सुनेनं, सुनीतानं, माझ्यापुढं वाटी ठेवली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, आमटी काय तुमच्यावानी न्हाय झाली. डब्यातलं शेवटचं हुतं ते. आत्याबाई म्हणायच्या, मालनबाईचं येसर हाय, जपून वापर. मला शिकवताल का? आत्याबाईंची लई विच्छा हुती, म्या तुमच्याकडनं शिकावं."

घास हातातच राहिला. आणि मग मला आठवलं. सुनीता नवी नवरी होऊन आली तेव्हा मीच तुला म्हणाले होते, पोरगी बोलकी दिसते, घरी काही बोलू नकोस. मी म्हणाले आणि विसरले. तू विसरली नाहीस. स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या सुनेला, स्वतःचं येसर तू माझं म्हणून सांगत राहिलीस.

मी म्हटलं, ये, शिकवते. बघ, तिथंही.

ती काल आली. पिशवीत धने, दगडफूल, डाळ, पावशेर हुलगे, सगळं नीट निवडून आणलं होतं. मी तिला मागच्या खोलीत नेलं. तुझी कढई पालथी ठेवलेली. भिंत धुरानं काळी, त्यात तू टेकून बसायचीस तेवढीच जागा उजळ. मी दार उघडंच ठेवलं. आणि सांगितलं. दगडापासून सांगितलं, पदराच्या गाठीतलं पीठ, म्हातारीची वाटी, फोटो, म्हातारीचं परत येणं, सगळं. काही गाळलं नाही. ती उभ्यानं ऐकत होती. मला वाटलं, पिशवी उचलून चालती होईल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

ती गेली नाही. भिंतीच्या त्या उजळ जागेपाशी खाली बसली आणि हुलगे सुपात ओतले.

"मग तुमी बगितलं तरी असंल, मावशी," ती म्हणाली. "हुलगं आधी भाजायचं का नंतर? किती घालायचं? भिजवून घ्यायचं का तसंच?"

मी त्या सुपाकडं बघत बसले. काही आठवेना. आठवणार कसं? नऊ वर्षं तू या खोलीत भाजत होतीस आणि मी एकदाही आत उभी राहून बघितलं नव्हतं. मी बाहेर होते, गया. जेवून उठलेली माणसं हात जोडून म्हणायची, बाई, तुमच्या हाताला चव आहे. मी ते ऐकत उभी असायचे.